बाळंतिणीच्या मदतीला अनोळखी बायका

१९५६ सालच्या उन्हाळ्यात शिकागोजवळच्या एल्महर्स्ट गावी काही कॅथलिक कुटुंबांची सहल भरली होती. मेरी व्हाइट आणि मॅरियन टॉम्पसन या दोघी मैत्रिणी झाडाखाली बसून आपापल्या तान्ह्यांना अंगावर पाजत होत्या. यात वळून बघावं असं काही नव्हतं. पण सहलीला आलेल्या एकेक बायका जवळ येऊन सांगू लागल्या, की आम्हालाही पाजायचं होतं, पण जमलं नाही. त्या काळी अमेरिकेत बाटली हेच आधुनिक आईचं लक्षण होतं. पाचातलं जेमतेम एक बाळ आईचं दूध पीत होतं. दूध कसं पाजायचं, हे ज्यांना माहीत होतं त्या आज्या दूरच्या गावी राहिल्या होत्या, आणि डॉक्टरांना पावडर किती चमचे घालायची एवढं ठाऊक होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रँकलिन पार्कमधल्या मेरीबाईंच्या घरी सात जणी जमल्या आणि ‘ला लेचे लीग’ सुरू झाली. नाव स्पॅनिश ठेवलं, कारण स्तनपानाचा सरळ उल्लेख त्या वेळच्या वर्तमानपत्रांना छापवत नसे. संस्थेची रीत मात्र साधी होती. ज्या बाईने स्वतः पाजलंय, तिने नव्या आईशेजारी बसायचं. तिचं ऐकायचं, स्वतःचं सांगायचं, आणि वैद्यकीय शंका आली की डॉक्टरकडे पाठवायचं. मेरीबाईंचे यजमान ग्रेगरी व्हाइट डॉक्टर होते, त्यामुळे हा शेवटचा भाग पहिल्यापासून पक्का होता. लवकरच दूरदूरच्या बायकांचे फोन येऊ लागले, पत्रं येऊ लागली. आज फेसबुकवर लाखाने बायका एकमेकींना जे सांगतात, त्याचा आराखडा या सात जणींच्या बैठकीत तयार झाला होता.

अंगावर पाजणं हे निसर्गतः येतं, असं आपण धरून चालतो. बाळाला तोंड लावून ओढायची उपजत ओढ असते, हे खरं. पण आईच्या बाजूने ही बरीचशी बघून शिकायची गोष्ट आहे. बाळाचं डोकं कुठे टेकवायचं, त्याने नुसतं बोंड धरलंय की भोवतीचा काळसर भागही तोंडात घेतलाय, दुखलं तर कसं सोडवून पुन्हा लावायचं, हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. भरल्या घरात ही शिकवणी फुकट मिळायची. कुणी ना कुणी वहिनी, कुणी मावशी माजघरात पाजत बसलेली असायची, आणि आठ-दहा वर्षांची पोर ते बघत मोठी व्हायची. आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीच्या हातात पहिलं तान्हं मूल येतं ते बहुधा तिचं स्वतःचंच.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत या बाबतीत मोठी शहाणपणाची होती. सव्वा महिना शेक-शेगडी, बाळंतकाढा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतर ओव्याचा विडा. यातल्या कुठल्या पदार्थाने दूध किती वाढतं, याचे शास्त्रीय पुरावे फारच तोकडे आहेत. पण या सगळ्याबरोबर जे मिळायचं, ते मोलाचं होतं: निजायला वेळ, हातात आयतं ताट, आणि शेजारी एक जाणती बाई. आता आई स्वतः नोकरी करते, किंवा तिचे गुडघे गेलेले असतात, किंवा लेक अमेरिकेत असते आणि व्हिसा तीन महिन्यांनी मिळतो.

आजीच्या सल्ल्याबद्दलही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आज शहरात आजी झालेल्या बऱ्याच जणींची स्वतःची बाळंतपणं सत्तर-ऐंशीच्या दशकांतली. डब्याच्या दुधाच्या जाहिराती जोरात होत्या तो हा काळ. गुटगुटीत मुलाला तेव्हा ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणायचे. जागतिक आरोग्य परिषदेने या जाहिरातींना आवर घालणारी संहिता १९८१ मध्ये संमत केली (बाजूने ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका). त्याच वाटेने जात भारताने १९९२ मध्ये कायदा करून बाळाचं डब्याचं दूध आणि बाटल्या यांच्या जाहिरातीवर बंदी आणली. तेव्हा ‘दूध पुरत नाही, वरचं सुरू कर’ हे वाक्य परंपरेतून आलेलं आहे, असं समजण्याचं कारण नाही. कित्येकदा ते जाहिरातीतून आलेलं असतं, फक्त मध्ये चाळीस वर्षं गेल्याने त्याला वडीलधारा आवाज आलाय.

जाणत्या बाईची ही उणीव दवाखान्यांनी भरून काढायला हवी होती. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. पण जन्मल्यावर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली मुलं ४१.८ टक्केच निघाली. सहा महिन्यांच्या आतल्या मुलांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. आधीच्या पाहणीत हा आकडा ५४.९ होता, म्हणजे सुधारणा आहे. तरी डॉक्टर, नर्स, खाट सगळं हाताशी असताना पहिल्या तासाची संधी निम्म्याहून जास्त बाळांच्या हातून जाते, याचा अर्थ खाटेशेजारी बसून ‘असं धर’ म्हणणारं माणूस तिथेही नसतं.

ते माणूस नेमकं कधी लागतं, हे कळायला दुधाचं गणित बघावं लागतं. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक: घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी दोन ते दहा मिलीलिटर पितं, म्हणजे चमचा-दोन चमचे. त्याला तेवढंच लागतं. वार पडल्यावर आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान छाती भरून येते. तोवर बाळाचं वजन जन्माच्या वजनापेक्षा थोडं उतरलेलं असतं. ते सात टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचंच. दहाच्या आसपास गेलं तर डॉक्टर बारकाईने बघतात. साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं.

यापुढचा नियम मागणी-पुरवठ्याचा आहे. छाती जितकी रिकामी होईल तितकं नवं दूध तयार होतं; भरलेली राहिली तर तयार होणं मंदावतं. म्हणून नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, संध्याकाळी तर तासातासाला मागतं. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणंही महत्त्वाचं. आणि पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे, ज्याला ताण आणि दुखणं मानवत नाही.

आता घरातलं चित्र बघा. बाळ नऊ दिवसांचं आहे, रात्री दर तासाला उठतंय. आई रडकुंडीला आलीय. कुणीतरी म्हणतं, पोट भरत नाहीये. साठ मिलीची बाटली दिली जाते, बाळ तीन तास गाढ झोपतं, आणि घर सुटकेचा निःश्वास टाकतं. पण त्या तीन तासांत बाळाने अंगावर ओढलेलं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी तयार होतं. मग दुसरी बाटली लागते. आठवडाभरात ‘दूध पुरत नाही’ हे म्हणणं खरं होऊन बसतं. दवाखान्याची पुढची तारीख तोवर आलेलीही नसते. मदत लागते ती नेमकी पहिल्या बाटलीच्या रात्री, जेव्हा कुठलीच ओपीडी उघडी नसते.

फेसबुकचे समूह शिरले ते या फटीत. ‘ब्रेस्टफीडिंग सपोर्ट फॉर इंडियन मदर्स’ हा समूह आधुनिका प्रकाश यांनी २०१३ मध्ये सुरू केला. पुढे त्याची सदस्यसंख्या लाखावर गेली. तशाच धर्तीवर गावोगावच्या, सोसायट्यांच्या, एकाच महिन्यात बाळंत झालेल्या जणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांची तर गणतीच नाही. परदेशातल्या मराठी बायकांनी ही वाट आणखी आधी धरली होती. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालं, आणि पाककृती-गझलांच्या जोडीने मुलांच्या खाण्या-झोपण्याचे प्रश्नही तिथे आले.

अशा समूहातला प्रश्न कसा असतो? नमुना म्हणून सांगायचं तर असा: ‘बाळ नऊ दिवसांचं आहे. सारखं उठतं. पंप केलं तर दोन्हीकडचं मिळून ३० मिली निघालं. सासूबाई म्हणतात पुरत नाहीये. काय करू?’ पाच मिनिटांत उत्तरं येऊ लागतात, आणि चांगल्या समूहात ती बरीचशी उत्तरं नसतातच, उलट प्रश्न असतात. ‘चोवीस तासांत सू किती वेळा?’ ‘शी पिवळी झाली का अजून काळपट आहे?’ ‘जन्माचं वजन किती, परवाचं किती?’ ‘अगं, पंपावर जाऊ नकोस, बाळ पंपापेक्षा जास्त ओढतं.’ ‘दुखतंय का? मग बाळाने नीट धरलेलं नाहीये. हनुवटी छातीला टेकलीये का बघ.’ आणि मध्येच एखादी: ‘माझंही असंच होतं गं, तिसऱ्या आठवड्यात सुधारलं. तू पाणी पी आधी.’

या शेवटच्या वाक्यात वैद्यकीय माहिती शून्य आहे. तरी वाचणारीचे खांदे सैल होतात ते तिथेच. बाकीचे प्रश्नही नीट बघितले तर त्यांत एक युक्ती आहे. ‘पुरतंय की नाही’ ही भावना त्या बाजूला ठेवतात आणि मोजता येण्याजोग्या खुणा पुढे आणतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट, पिवळी शी आणि चढतं वजन असेल, तर दूध पुरतंय. बाळ किती रडतं यावरून ते ठरत नाही. हे सगळं बालरोगतज्ज्ञही सांगतात. फरक इतकाच, की पहाटे तीन वाजता ते सांगायला जागी असते ती दुसरी आईच.

लिहिणाऱ्यांपेक्षा न लिहिणाऱ्यांची गोष्ट मला जास्त लक्षणीय वाटते. इंटरनेटवरच्या समूहांत साधारण शंभरातले नव्वद जण नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एकच जण नेहमी लिहितो, असा ठोकताळा इंटरनेट-वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडला होता. या नव्वद जणींना आपण गप्प म्हणतो. पण सातव्या महिन्याची गर्भार बाई रोज वीस जणींचे प्रश्न वाचते, तेव्हा ती माजघरात वहिनीकडे बघत बसलेल्या त्या पोरीचंच काम करत असते. आपल्यावर वेळ येईल तेव्हा निम्मं तिला आधीच ठाऊक असतं.

पण घरचं गाऱ्हाणं परक्यांपुढे कसं मांडवतं? यावर दोन जुनी निरीक्षणं आहेत. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की नवी माहिती जवळच्या माणसांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते, कारण जवळच्यांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत आहे. आणि मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये लिहिलं, की पडद्याआड माणूस भीड सोडून बोलतो. ही भीड चांगल्या बाजूनेही सुटते आणि वाईट बाजूनेही. सासूबाईंना ‘तुम्ही चुकताय’ म्हणणं अवघड असतं. नणंदेला बोंडाला चिरा पडल्याचं सांगणं त्याहून अवघड. नागपूरच्या एका अनोळखी बाईला दोन्ही सांगता येतं, कारण उद्या ती जेवणाच्या टेबलाशी समोर बसणार नाही.

मराठी समाजाला हे नवं आहे, असंही नाही. र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ ते १९५३ चाललं. घरात उच्चारता येत नाहीत असे प्रश्न वाचक त्यांना पत्राने विचारत आणि कर्वे छापील उत्तर देत. १९३४ च्या खटल्यात सरकारने बोट ठेवलं ते अशाच उत्तरांवर, आणि कर्व्यांची बाजू कोर्टात मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. तेव्हा उत्तर यायला महिना लागे, एवढंच.

आता मुद्द्याचा प्रश्न: या आधाराने खरोखर काही फरक पडतो का? इथे अंदाज करत बसायची गरज नाही, मोजमापं झालेली आहेत. टोरांटोजवळ सिंडी-ली डेनिस यांनी २५६ पहिलटकरणींवर प्रयोग केला. निम्म्या जणींना नेहमीच्या सेवेबरोबर एका अनुभवी आईचा फोन जोडून दिला. या फोन करणाऱ्या स्वयंसेविका होत्या, त्यांना काही तासांचंच प्रशिक्षण होतं. तीन महिन्यांनी फोनवाल्या गटातल्या ८१ टक्के आया अंगावर पाजत होत्या, दुसऱ्या गटातल्या ६७ टक्के. हे २००२ चं. मेलबर्नमध्ये अकराशेवर आयांवर असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले: सहा महिन्यांनी ७५ विरुद्ध ६९ टक्के. ढाक्यातला प्रयोग तर थक्क करणारा आहे. तिथे वस्तीतल्याच प्रशिक्षित बायका घरी जाऊन १५ वेळा भेटल्या. पाच महिन्यांच्या बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली ७० टक्के निघाली. ज्या वस्तीत कुणी गेलं नाही, तिथे हेच प्रमाण ६ टक्के होतं. ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास २००० साली छापून आला.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे आणि समूहांचे चाहते ती सोडून देतात. मदत करणारी बाई ‘आई’ होती, पण नुसती आई नव्हती. तिला थोडं का होईना शिकवलेलं होतं, तिच्या पाठीशी तज्ज्ञ होते, आणि ती एकाच आईच्या पुन्हा पुन्हा संपर्कात येत होती. फेसबुकवर उत्तर देणाऱ्या सत्तर जणींपैकी किती जणी शिकलेल्या आहेत, हे वाचणारीला कळत नाही. ज्या समूहांत देखरेख करणाऱ्या बायका चुकीचं उत्तर खोडतात, स्वतः प्रशिक्षण घेतात आणि ‘हे दवाखान्याचं काम आहे’ असं ठामपणे सांगतात, ते समूह ढाक्याच्या वाटेवरचे. बाकीचे म्हणजे बाजार.

बाजाराचं उदाहरण द्यायचं तर मधाचं. बाळाला मध चाटवणं, गुटी उगाळून देणं, उन्हाळा आहे म्हणून चमचाभर पाणी पाजणं: तिन्हींची भलामण करणाऱ्या हौशी सल्लागार सगळीकडे भेटतात. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, म्हणून वर्षभर मध वर्ज्यच. सहा महिन्यांपर्यंत पाणीही लागत नाही, मे महिन्यातसुद्धा. औषधांचं उलटं होतं. ताप आला, आईने गोळी घेतली, की ‘आता दोन दिवस पाजू नकोस’ असं सांगून मोकळं होणारे लोक फार. खरं म्हणजे बहुतेक नेहमीची औषधं चालतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २००६ पासून ‘लॅक्टमेड’ नावाची माहितीपेढी सर्वांसाठी फुकट ठेवली आहे. त्यात औषधाचं नाव टाकलं की दुधात ते किती उतरतं ते दिसतं. आपल्या डॉक्टरांना ते पान दाखवायला लाजायचं कारण नाही.

धोका दुसऱ्या टोकालाही आहे. अंगावर पाजण्याचा आग्रह धर्मासारखा झाला, की बाटली मागणारी आई पापी ठरते. काही बाळांना सुरुवातीच्या दिवसांत दूध खरंच कमी पडतं आणि शरीरातलं पाणी धोकादायक पातळीपर्यंत उतरतं. अमेरिकेतल्या डॉक्टर क्रिस्टी डेल कॅस्टिलो-हेगी यांच्या मुलाच्या बाबतीत असं घडलं. त्यातून २०१६ मध्ये त्यांनी ‘फेड इज बेस्ट’ ही संस्था काढली. स्तनपान-तज्ज्ञांचे आणि या संस्थेचे कडाक्याचे मतभेद आहेत, पण तिने उभा केलेला मुद्दा खोटा नाही. ‘धीर धर, येईल दूध’ हा सल्ला चौथ्या दिवशीच्या सुस्त, पिवळ्या पडलेल्या बाळाच्या आईला दिला तर तो जीवावर बेतू शकतो. आणि सल्ला देणारीला बाळ दिसत नसतं. शंभरेक चाचण्यांचा ताळा घेणाऱ्या कोक्रेन आढाव्यांनी मदतीचा उपयोग मान्य केला आहे, पण २०१७ च्या आढाव्यात समोरासमोरची मदत जास्त गुणकारी दिसली, ती का हे इथे कळतं.

गर्दी जमली की विक्रेते आलेच. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२२ मध्ये डब्याच्या दुधाच्या डिजिटल जाहिरातींवर अहवाल काढला. पाहणीतल्या २६४ व्यापारी खात्यांवरून दिवसाला सुमारे ९० पोस्ट पडत होत्या आणि त्या २२.९ कोटी लोकांपर्यंत पोचत होत्या. ‘बेबी क्लब’, सल्ला-सेवा, पैसे घेऊन बोलणाऱ्या प्रसिद्ध आया, अशी ही वेषांतरं. आपल्याकडचा १९९२ चा कायदा लिहिला गेला तेव्हा जाहिरात म्हणजे मासिकाचं पान आणि दवाखान्यातलं कॅलेंडर होतं. रात्री मैत्रिणीसारखी बोलणारी जाहिरात कुणाच्या कल्पनेत नव्हती.

मदत आणि धोका हातात हात घालून येतात, हा पेच दुधाच्या देवाणघेवाणीत सर्वांत उघड दिसतो. २०१० मध्ये माँट्रियलच्या एमा क्वास्निका यांनी फेसबुकवरून एका आईचं जादा दूध दुसऱ्या बाळाला पोचवणारं जाळं उभं केलं, आणि कॅनडाच्या आरोग्य खात्याने लगेच धोक्याची सूचना काढली. २०१३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी इंटरनेटवरून विकत मिळणाऱ्या दुधाचे १०१ नमुने मागवले, तर त्यातले ७४ टक्के जंतूंमुळे बाळाला देण्याजोगे नव्हते. हे विकत घेतलेलं दूध होतं, मैत्रिणीने दिलेलं नव्हे, हा फरक लक्षात ठेवायला हवा. तरी उकल दोन्हींना एकच. ती मुंबईत १९८९ सालीच झाली होती. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी काढली. दूध देणाऱ्या आईची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटं ठेवून निर्जंतुक करतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते मिळतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, आई गेलेल्या किंवा अत्यवस्थ असलेल्या तान्ह्यांसाठी दूध हवं, असे संदेश सगळीकडे फिरत होते. त्या वेळी समूहांनी आया जमवल्या हे चांगलंच झालं. पण त्यांना पेढीपर्यंत नेणं हे त्याहून चांगलं काम. आईच्या दुधाचा व्यापार तर मे २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच बेकायदा असल्याचं बजावलं आहे.

या सगळ्यात एक विसंगती आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खेड्यातल्या बाळंतिणीच्या घरी आशाताई येते. सरकारी नियमानुसार दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी द्यायच्या असतात. ती वजन करते, पाजताना बघते, धोक्याच्या खुणा ओळखते. ढाक्यात जे सिद्ध झालं, तेच हे. सगळीकडे सहाच्या सहा भेटी होतात असं नाही, पण निदान नाव लिहिलेली एक बाई आहे. बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या, दोन पगारांच्या घरातल्या आईकडे मात्र कुणीच येत नाही. तिच्या हातात असतो फोन.

बाप या गोष्टीत कुठे आहे, असं विचारलं तर उत्तर लाजिरवाणं आहे. हे समूह जवळजवळ सगळे बायकांचे. त्यात जे शिकलं जातं ते आईपाशीच राहतं, आणि सासूबाईंशी वाद घालायची वेळ आली की तीच एकटी पडते. वजन लिहून ठेवणं, लंगोट मोजणं, पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, आणि स्वतःच्या आईला ‘अजून चार दिवस बघू’ असं सांगणं, ही कामं करायला पान्हा लागत नाही. घराबाहेरच्या लढाईत मात्र समूहांनी जोर दाखवला आहे. कोलकात्यातल्या एका मॉलमध्ये २०१८ मध्ये एका आईला पाजण्यासाठी स्वच्छतागृहात जायला सांगितलं गेलं, तेव्हा देशभरातल्या आयांनी एवढा गहजब केला की माफी मागणं भाग पडलं. आपल्या एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत. ते वापरात राहायचे असतील तर तिथेही असाच आवाज लागेल.

समूहात प्रश्न टाकणार असाल, तर ‘बाळ खूप रडतं, काय करू’ एवढंच लिहू नका. बाळाचं वय दिवसांत लिहा. जन्माचं वजन आणि शेवटचं वजन लिहा. गेल्या चोवीस तासांत किती वेळा पाजलं, किती लंगोट ओले झाले, शीचा रंग काय, पाजताना दुखतं का, आणि आईची काही औषधं चालू आहेत का, तेही लिहा. उत्तरं याच माहितीवर ठरतात. बाळाचे फोटो आणि दवाखान्याचे कागद मात्र हजारो लोकांत टाकू नका. आणि बाळ सुस्त पडलं असेल, पाजायला उठवूनही उठत नसेल, सहा-आठ तासांत सू झाली नसेल, अंगाला ताप असेल किंवा पिवळेपणा पायांपर्यंत उतरला असेल, तर पोस्ट लिहीत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आईला स्वतःला दिवसचे दिवस रडू येत असेल, झोप उडाली असेल, काही बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर सरकारची ‘टेली मानस’ ही फुकट सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.